वाचनालयातल्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही ‘अहो, कामच आहे ते’ म्हणत रजिस्टरात डोकं घालता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

श्रावणात सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी मुंबईहून पेणजवळच्या आमच्या गावी येऊन राहिले. टीव्हीचा त्यांना वीट आलेला, चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नव्हतं. मग रोज दुपारी वाचून दाखवायचं ठरलं. मुंबईतल्या ज्या मोठ्या वाचनालयाची वर्गणी आम्ही वर्षानुवर्षं भरतोय, तिथं आधी नवऱ्याला पाठवलं. कपाटांना कुलपं. यादीतलं जे मागावं ते ‘बाहेर गेलंय’. एक पुस्तक मिळालं, तर परत देताना ‘पानं तुम्हीच फाडलीत’ म्हणून अनामतीतून पैसे कापले. एसी मात्र उत्तम आहे हो तिथला.

तुमचं वाचनालय ‘ड’ वर्गाचं. एक खोली, चार कपाटं, आणि अनुदान कधी येईल ते सरकारच जाणे. पण तुम्ही पहिलं विचारलंत ते, “आजींचं माहेर कुठलं?” वरसई म्हटल्यावर उठलात आणि विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ काढून दिलंत. दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघालेला वरसईचा भिक्षुक 1857च्या बंडात सापडतो, झाशीचा वेढा आतून बघतो, लुटला जातो आणि घरी येतो तो गंगेची कावड घेऊन. पुस्तक छापून आलं 1907 साली. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वरसईचा? आणि शाळेत कुणी एका शब्दानं बोललं नाही!”

त्या प्रतीतली मधली काही पानं गळलेली होती. मी ते सहज सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. पुढच्या खेपेला तुम्ही पुस्तक पुन्हा हातात ठेवलंत. कुठूनशी दुसरी प्रत मिळवून ती सगळी पानं तुम्ही निळ्या शाईनं लिहून काढली होती, पुस्तकाच्या मापात कापून खळीनं चिकटवली होती. आकडेही घातलेले: 112-अ, 112-आ, 112-इ. झेरॉक्सचं दुकान समोरच आहे की, असं मी म्हटलं. तर तुम्ही, “झेरॉक्सला अक्षर तेवढंच बारीक येणार. आजींना स्वतः वाचावंसं वाटलं तर?”

आणि तसंच झालं, काका. काल्पीच्या वाटेवरची विहीर नेमकी तुमच्या अक्षरात होती. दमलेल्या राणीसाठी गोडसे पाणी काढायला पुढे होतात; तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही काढू नये, असं म्हणून ती स्वतःच काढते. सासूबाईंनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि तेवढा भाग अडखळत, बोट ठेवून, एकट्यानं वाचला. मला मध्ये बोलू दिलं नाही.

नंतर दिवाळी उलटेपर्यंत आम्ही वाचत होतो. ‘स्मृतिचित्रे’मधले मीठसुद्धा धुऊन घेणारे सोवळे वडील ऐकताना त्या इतक्या हसल्या, की टाके आठवून मलाच धास्ती. ‘बनगरवाडी’चा शेवट मात्र त्यांना पटला नाही. दुष्काळात सगळी वाडी उठून जाते, हे काय झालं, म्हणाल्या. मला तोच शेवट खरा वाटतो. आमचा वाद अजून मिटलेला नाही.

माणसानं चांगलं असावं म्हणून काही फार लागत नाही बहुधा. समोरच्याला काय हवंय ते त्यानं मागायच्या आत एकदा मनात आणायचं, एवढंच. मुंबईच्या त्या काउंटरवर बसलेल्यांकडे वेळ तुमच्यापेक्षा जास्तच होता.

पुढच्या आठवड्यात मी परत जातेय. सासूबाई आता वॉकर घेऊन ओसरीपर्यंत येतात. शेजारची दहावीतली मुलगी वाचून दाखवायला येणार आहे, तेव्हा माझं खातं तिच्या नावावर करा आणि अनामत तशीच राहू द्या. आणि तिला पहिलं पुस्तक तुम्हीच निवडून द्या.

आपली,
वरसईच्या आजींची सून