न्हाणीघरातील गॅस गिझर बाहेर हलवा

महोदय,

थंडी वाढू लागली की बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या येऊ लागतात. त्यांत ‘गॅसगळती’ असे सरसकट लिहिले जाते, ते अनेकदा दिशाभूल करणारे असते. सिलिंडरमधील गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असल्याने गळती नाकाला कळते. परंतु कोंदट जागेत प्राणवायू कमी पडून ज्योत अर्धवट जळू लागली की तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पायांतील बळ जाते आणि आतून लावलेली कडी काढण्याचेही त्राण उरत नाही.

म्हणूनच गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून आत केवळ गरम पाण्याची नळी आणावी, हाच मला खरा उपाय वाटतो. ते होईपर्यंत निदान बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीस जावे. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपणेही तितकेच घातक आहे. कोणी बेशुद्ध आढळल्यास त्याला तातडीने उघड्यावर आणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना गिझरविषयी आवर्जून सांगावे, कारण बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर अशा रुग्णातही प्राणवायूची पातळी ठीक असल्याचे दाखवू शकते. भाड्याने घर देणाऱ्या मालकांनी हे स्थलांतर स्वखर्चाने करून द्यावे, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, नाशिक