स्विच गार असताना तपासू नका

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 16 पोर्टचा गिगाबिट स्विच दोनदा 'दोष नाही' म्हणून परत आल्याबद्दल

महोदय,

तुमचा स्विच सकाळी 7 वाजता उत्तम चालतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्या सर्व्हिस सेंटरनं दोन्ही वेळा तेवढंच बघून 'दोष आढळला नाही' असा शिक्का मारला आहे.

निपाणीत माझा कॉम्प्युटर टायपिंगचा क्लास आहे. मशीन 14, सगळी केबलनं या स्विचच्या पोर्टांना, म्हणजे केबल लावायच्या खाचांना, जोडून एकमेकांशी बोलतात. दुसरी बॅच बसते न बसते तोच पोर्ट 9 ते 16 एकदम जातात. दिवे विझत नाहीत, पण पिंग केलं, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्याला हाक मारली, की 'रिक्वेस्ट टाइम्ड आऊट', उत्तरच नाही. मागच्या रांगेतली पोरं "सर, गेलं!" म्हणून ओरडतात. 1 ते 8 वरची मशीन मात्र ठणठणीत.

केबल खराब असेल, असं तुमच्या फोनवरच्या माणसानं सांगितलं. म्हणून सगळे कनेक्टर कापून नवे क्रिंप केले, टेस्टरवर आठही तारा तपासल्या. फरक शून्य. मग 12 नंबरची बंद पडलेली केबल 3 नंबरला लावली, मशीन लगेच आलं. 3 ची चांगली केबल 12 ला लावली, ती गप्प. म्हणजे दोष केबलीबरोबर फिरत नाही, पोर्टापाशीच बसून आहे. अडॅप्टरही नव्हे, बिघाड चालू असतानाच मल्टिमीटर लावला, 12 व्होल्ट स्थिर. आणि अडॅप्टर गेला असता तर अर्धाच स्विच कसा झोपला असता? अशा स्विचमध्ये आठ पोर्टांचं काम बहुधा एकच चिप बघते. तापल्यावर तीच किंवा तिचं सोल्डरिंग दगा देत असणार, हा माझा अंदाज. कारण शेवटी टेबल फॅन स्विचवर सोडला, तर दहा मिनिटांत आठही पोर्ट परत आले. फॅन बंद केला, पुन्हा तेच. चार दिवस करून पाहिलं.

तुमच्या रिपोर्टवर टेस्टची वेळ 10 मिनिटं छापली आहे. पार्सलात दोन दिवस गार झालेला स्विच दहा मिनिटं लावून काय दिसणार? सगळे पोर्ट भरा, डेटा चालू ठेवा आणि तीन तासांनी बघा.

कोल्हापूर इथून साधारण 40 किलोमीटर, तिथं तुमचं सेंटर आहे. पण आमचा पिनकोड कर्नाटकातला, म्हणून पार्सल हुबळीला! सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहेच, त्यात स्विचला कशाला ओढता?

वॉरंटी शिल्लक आहे, सील मी तोडलेलं नाही. दुरुस्ती नको, स्विच बदलून द्या आणि दोन खेपांचं कुरियर भरून द्या. 15 दिवसांत झालं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करीन. क्लास हेच माझ्या पोटापाण्याचं साधन आहे, तेव्हा 'व्यापारी वापर' म्हणून हात झटकता येणार नाहीत.

सोबत: बिल व दोन्ही रिपोर्टच्या झेरॉक्स.

आपला,
निपाणीचा एक ग्राहक

ता.क. फोन मराठी किंवा कन्नड येणाऱ्यानं करावा, आणि दुपारी 1 ते 3 मध्ये. बाकी वेळ मी फॅन धरून उभा असतो.