आमटीत पुडी घालू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, काल फोनवर तू हळूच म्हणालीस, काकांनी तासगावहून दारू सोडवायची पुडी आणलीय, सोनूला न कळता आमटीत चिमूटभर घालायची. घालू नकोस. तिच्यात काय आहे ते काकांनाही ठाऊक नसणार. डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायला देतात ते औषध, असेल तर वरून दारू गेली की तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी उतरतं. जिवावरही बेतू शकतं. म्हणून डॉक्टर ते पेशंटला सांगून, त्याच्या होकारानेच देतात. त्या औषधानं भास-संशय वाढल्याच्याही केसेस आहेत, म्हणजे सोनूला, त्याच्या मनाच्या आजारात, तर फारच जपून.

आणि दुसरं म्हणजे, आजारपण सुरू झालं तेव्हा ‘तुम्ही माझ्या जेवणात काहीतरी घालता’ म्हणून हाच पोरगा ताट सरकवून उपाशी बसायचा ना? आता आपण खरंच घालायचं? एकदा कळलं की गोळ्यासुद्धा तो तुझ्या हातून घेणार नाही.

बाबा, तुम्ही दारातच त्याच्या तोंडाचा वास घेता. त्यानं पिणं थांबलेलं नाही, तो फक्त उशिरा येतो, तुम्ही झोपल्यावर. मी त्याला नुसतं विचारलं, कशासाठी घेतोस? म्हणाला, ‘ताई, रात्री डोक्यातली बडबड वाढते. क्वार्टर मारली की झोप लागते.’ झोप लागते खरी, पण पहाटे मोडते आणि दुसऱ्या दिवशी डोकं जास्त बिथरतं, हे त्यानं स्वतःच सांगितलं. आमराईत मित्राबरोबर फिरायला जातो त्या दिवशी प्यावीशी वाटत नाही, हेही. ते मला उपदेशापेक्षा कामाचं वाटतं. त्याला शिव्या देऊन हे कळलं नसतं.

प्यायला की तो रात्रीची गोळी चुकवतो, ‘दोन्ही एकत्र चालत नाही’ म्हणून. गोळ्या अशा चुकत गेल्या तर आजार उलटतो. प्यायलेल्या रात्री गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारू. पण किती पितो ते त्यांना खरं सांगायला हवं. मागच्या खेपेला तुम्ही ‘कधीतरी घेतो’ म्हणालात.

आणि ‘आजपासून एकदम बंद’ अशी शपथ औदुंबरला नेऊन घालू नका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, नको ते दिसायला लागतं. आपण म्हणू आजारच वाढला. किती आणि कसं कमी करायचं ते डॉक्टर आणि सोनू मिळून ठरवू देत. लग्न लावून द्या म्हणणाऱ्या आत्याला माझा नमस्कार सांगा, बाकी काही नको.

मी शनिवारी येतेय. सोमवारी मिरजेला ओपीडीत चौघं जाऊ. सोनूला विचारलंय, तो हो म्हणालाय. मध्येच रात्री तो फार बिथरला तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. स्वतःला किंवा कुणाला इजा करेल असं वाटलं तर मात्र फोनवर थांबू नका, सरळ सिव्हिलला न्या.

पुडी फेकू नका. डॉक्टरांना दाखवायची आहे.

तुमची,
ताई