आधी खिडकीमागच्यांना विचारा

महोदय,

निराधार योजनेच्या कामासाठी शेजारच्या आजींसोबत एका सरकारी कार्यालयात गेले होते. खिडकीमागच्या ताईंनी अर्ज भरत आणला, तेवढ्यात ‘सेशन संपले’ असे झळकले आणि सगळी माहिती गेली. नाव, आधार, बँक खाते पुन्हा पहिल्यापासून. चूक नेमकी कुठे, हे संगणक सांगत नाही. इंग्रजीत नुसता क्रमांक दाखवतो. कोणता क्रमांक आला की काय करायचे, हे ताईंनी स्वतःच एका वहीत लिहून ठेवले आहे. रांगेतली माणसे मात्र त्यांच्यावरच डाफरतात. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे हा आपला हक्क झाला. पण मुदत ज्यांनी पाळायची, त्यांच्या हाती साधन कसले दिले आहे? डिसेंबरात अधिवेशनासाठी अख्खे सरकार नागपुरात असते. तेव्हा सचिवांनी एक दिवस अशा कर्मचाऱ्यांशेजारी बसावे, त्यांच्या वह्या वाचाव्यात आणि मगच नव्या प्रणालीची निविदा काढावी. अर्धवट अर्ज आपोआप जतन व्हावा, चूक मराठीत कळावी आणि शासनाकडे असलेली माहिती पुन्हा टंकायला लावू नये, एवढे तरी त्यात हवेच.

– एक वाचक, मानेवाडा, नागपूर