‘संकर’ हा शब्द जपून वापरावा

महोदय,

डुकराच्या गर्भात मानवी मूत्रपिंड वाढवण्याच्या प्रयोगावरचा आपल्या अंकातील लेख वाचला. मथळ्यात ‘माणूस-डुक्कर संकर’ आणि शेजारी डुकराच्या धडावर माणसाचे डोके! तीस वर्षे गोठ्यागोठ्यांतून कृत्रिम रेतन करत हिंडलो, म्हणून हा शब्द टोचला. होल्स्टिन या विदेशी जातीच्या वळूचे वीर्य गावरान गाईला भरून झालेली कालवड संकरित. तिच्या पेशीपेशीत आईबापांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. चीनमधल्या ग्वांगझूच्या शास्त्रज्ञांनी 2023 मध्ये केले ते वेगळेच. डुकराच्या भ्रूणातली मूत्रपिंड घडवणारी दोन जनुके त्यांनी बंद केली आणि मोकळ्या जागी मानवी मूलपेशी, म्हणजे कुठल्याही अवयवाच्या पेशी होऊ शकणाऱ्या पेशी, सोडल्या. डुकराची पेशी डुकराचीच राहिली, माणसाची माणसाची. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे, एवढेच.

संकराच्या जवळ जाणारा प्रयोग ब्रिटनमध्ये न्यूकॅसलला झाला, 2008 साली. गाईच्या बीजांडातले केंद्रक, म्हणजे जनुके असलेला गाभा, काढून मानवी पेशीचे केंद्रक घातले. भ्रूण तीन दिवस जगले. बीजांडे गाईची, कारण संशोधनासाठी बायकांना हार्मोनची इंजेक्शने देऊन बीजांडे काढणे सोपे नाही, योग्यही नाही. (गाईची बीजांडे कत्तलखान्यातून मिळतात. विद्यार्थी असताना कोमट सलाईनच्या थर्मासात अंडाशये घालून मी ती बसने आणली आहेत. शेजारच्या प्रवाशाला चहा वाटायचा.) त्याच वर्षी अशा भ्रूणांवर बंदी घालण्याची सूचना ब्रिटिश संसदेत 336 विरुद्ध 176 मतांनी फेटाळली गेली. पण चौदा दिवसांपुढे वाढवायचे नाहीत आणि कुठल्याही गर्भाशयात ठेवायचे नाहीत, हे कायद्यातच घातले.

आपल्याकडे असा कायदा नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. मानवी मूलपेशी प्राण्याच्या बीजग्रंथींत (अंडाशयात किंवा वृषणात) पोचण्याची शक्यता असेल, तर त्याची पैदास करायला त्यांत मनाई आहे. लेखात यातले एक अक्षर नाही. ग्वांगझूच्या भ्रूणांत काही थोड्या मानवी पेशी मेंदूत आणि मज्जारज्जूतही सापडल्या, हेही नाही. काळजी करायची तर तिथे करायला हवी. अशा किती पेशी झाल्यावर थांबायचे आणि ते कोणी ठरवायचे? चित्रातल्या त्या डोक्यामुळे हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही.

माझा मेहुणा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. लेखाची घडी खिशात घालून तो घरी आला आणि म्हणाला, “दाजी, डुकराचं तर डुकराचं, चालतंय की. कधी मिळंल तेवढं सांगा.” मी त्याला सांगितले, की डुकरीण 114 दिवसांनी विते आणि हे भ्रूण 28 दिवसांच्या आतच काढले होते. त्यात होते ते पक्के मूत्रपिंड नव्हते, त्याआधी तयार होऊन पुढे विरून जाणारे कच्चे मूत्रपिंड होते. त्यातल्या रक्तवाहिन्याही बहुतेक डुकराच्याच. त्याने लेखाची घडी पुन्हा खिशात घातली आणि चहाला नको म्हणाला. दिवसाचे पाणी मोजूनच प्यायचे असते त्याला.

– एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी, फलटण