अठरा वर्षांनंतर आमच्या मुलांनी जायचं कुठे?

मा. मंत्रिमहोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

भांडुपच्या आमच्या वस्तीत समाजमंदिरामागची खोली बौद्धिक अक्षम मुलांच्या कार्यशाळेला देऊ, असा शब्द भर सभेत मिळाला होता. गेल्या आठवड्यात कळलं, ती दुसऱ्याच कामाला दिली. आम्हा पालकांना कुणी विचारलंही नाही.

माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. अठराव्या वर्षी विशेष शाळा सुटली, तेव्हापासून घरीच. शाळेत तो पाकिटं चिकटवायचा, स्वतःचा डबा घासायचा. आता दिवसभर येरझाऱ्या घालतो, रात्री झोपत नाही, मग मीही नाही. माझी नोकरी त्यातच गेली. नात्यातल्या लग्नाला बोलावतात तेव्हा वर सांगतात, "वहिनी, तुम्ही एकट्याच या." लोकलच्या दिव्यांग डब्यात चढलो की "हा तर धडधाकट आहे, उतरा" म्हणून अंगावर येतात. सगळ्यांसमोर कार्ड काढून पोराचं अपंगत्व सिद्ध करायचं, तेही त्याच्यादेखत. त्याला कळत नाही असं लोकांना वाटतं. त्याला सगळं कळतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 5 म्हणतं, त्याला समाजात राहण्याचा हक्क आहे. कुठल्या समाजात, साहेब? नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण, त्यातला 1 टक्का स्वमग्न, मनोरुग्ण, अध्ययन अक्षम, बहुविकलांग आणि आमची मुलं अशा सगळ्यांत मिळून. जो फॉर्म वाचू शकत नाही तो त्यात पोचणार कसा? 2011 च्या जनगणनेत देशात बौद्धिक अक्षम 15 लाख माणसं मोजली. 2021 ची जनगणना झालीच नाही. म्हणजे आज आमची मुलं किती, हेही सरकारला ठाऊक नाही. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे अडीच हजार मिळायलाही उत्पन्नाची अट इतकी खाली की साध्या वॉचमनचं घरही बाहेर पडतं. 2022 मध्ये दिव्यांगांसाठी हा स्वतंत्र विभाग झाला तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती!

या शहरात टॉवरला जागा मिळते, पार्किंगला मिळते. मोठ्या झालेल्या मतिमंद माणसाला दिवसाचे सहा तास बसायला मिळत नाही, कारण तो मोर्चा काढत नाही आणि त्याच्या आईला मोर्चाला जायला सवड नाही. पक्ष कुठलाही येवो, आमची गणती कशातच नाही.

प्रत्येक वॉर्डात प्रौढांसाठी एक कार्यशाळा, सांभाळणाऱ्याला भत्ता, आणि आईबाप गेल्यावर राहायला सरकारी घर. कुठल्या वॉर्डात, कुठल्या तारखेपर्यंत, हे लेखी कळवा.

एक आई,
भांडुप, मुंबई