पाण्याच्या पंपावर व्हीएफडी आणि टायमर: मंजुरीआधी कोटेशनमध्ये करायचे बदल

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य

सप्रेम नमस्कार.

खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणाऱ्या साडेसात एचपीच्या पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आणि टायमर बसवण्याचे कोटेशन नोटीस बोर्डावर लागले आहे. ड्राइव्ह बसवावा, असेच माझे मत आहे. पण त्यासाठी दिलेले कारण चुकीचे आहे. त्या कारणावर ठराव झाला, तर सहा महिन्यांनी वीजबिल हातात घेऊन सभासद समितीलाच जाब विचारतील.

कोटेशन म्हणते, ४० टक्के वीज वाचेल. हा आकडा पंपाच्या नियमातून येतो: पाणी वेगाच्या प्रमाणात कमी होते, दाब वेगाच्या वर्गाच्या आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. नियम खरा आहे, पण तो एसीच्या चिल्ड वॉटर लाइनसारख्या ठिकाणी लागू पडतो, जिथे सगळा दाब पाइपातल्या घर्षणावर खर्च होतो. आपल्याकडे खालच्या टाकीतल्या पाण्यापासून गच्चीवरच्या टाकीच्या तोंडापर्यंत उभी चढण ३२ मीटर आहे आणि पंप चालतो ३६ मीटर उंचीइतक्या दाबावर. म्हणजे घर्षण फक्त ४ मीटर. चढण कुठल्याही ड्राइव्हने कमी होत नाही.

आपला पंप व्हॉल्व्ह बंद असताना ५० हर्ट्झवर (म्हणजे पूर्ण वेगावर; ड्राइव्ह वेग हर्ट्झमध्ये मोजतो) ४५ मीटर दाब देतो. वेग कमी केला की हा दाब वर्गाने घसरतो आणि साधारण ४२ हर्ट्झवर तो बरोबर ३२ मीटर उरतो. त्याखाली पंप नुसता फिरतो. वर थेंबही जात नाही, आणि केसिंगमधले पाणी घुसळून तापते, त्यात सील जाते. ५० हर्ट्झवर सेकंदाला सुमारे ८.५ लिटर पाणी चढते, ४७ वर साडेसहा, ४४ वर जेमतेम ४. वेग ६ टक्के उतरवला की पाणी पाव हिश्शाच्या आसपास घटते. आपल्या ४८ घरांना माणशी १३५ लिटरच्या हिशेबाने रोज सुमारे ३० हजार लिटर लागते. ते चढायला ५० हर्ट्झवर एक तास, ४७ वर सव्वा तास, ४४ वर दोन तासांहून जास्त. घर्षणात वाचलेले चार-पाच टक्के ड्राइव्हच्या स्वतःच्या तीनेक टक्के नुकसानीत जातात. बचतीचा मुद्दा ठरावातून काढून टाकावा, ही विनंती.

मग ड्राइव्ह कशाला? पंप बंद होताना तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू येणाऱ्या धडाक्यासाठी. आज स्टार्टर पडला की मोटर एका क्षणात थांबते, उभ्या पाइपातले ३२ मीटरचे पाणी मागे फिरते आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्हची (पाणी मागे येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हची) झडप त्याच्या जोराने आपटते. फ्लँजचे गॅस्केट आणि पाइपाचे क्लॅम्प याच आदळण्याने ढिले होतात. ड्राइव्हने वेग हळू उतरवला की झडप पाणी मागे फिरायच्या आत मिटते. पण त्यासाठी थांबण्याची पद्धत ‘रॅम्प’ (वेग हळूहळू उतरवणे) निवडावी लागते. काही ड्राइव्हमध्ये कारखान्यातून ‘कोस्ट’ (वीज तोडून मोटर मोकळी सोडणे) लावून येते, आणि ती तशीच राहिली तर पैसे खर्चूनही धडाका तसाच राहील. उतरण्याचा वेळ २० सेकंद ठेवावा. हा आकडा मोठा वाटतो, पण ड्राइव्ह तो ५० पासून शून्यापर्यंत मोजतो. पाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा ५० ते ४२ एवढाच, आणि तो सव्वातीन सेकंदांत संपतो. ठेकेदाराने ५ सेकंद लावले तर हाती एक सेकंदही उरत नाही.

चढण्याचा वेळ ८ सेकंद, किमान वेग ४४ हर्ट्झ, चालण्याचा वेग ४७ ते ५०. कमाल ५० च्या वर जाऊ देऊ नये. पाणी लवकर चढावे म्हणून कोणी ५२ केले, तर मोटरवरचा भार साडेबारा टक्क्यांनी वाढेल. वेग बदलण्याला पासवर्ड हवाच.

आता निवडीबद्दल. कोटेशनमध्ये फक्त ‘साडेसात एचपी ड्राइव्ह’ लिहिले आहे, ते पुरेसे नाही. ड्राइव्ह अँपिअरवर घ्यायचा असतो. आपली मोटर नेमप्लेटवर ११.५ अँपिअरची आहे आणि एकदा रिवाइंड झालेली आहे, त्यामुळे चालू भारावर क्लँप मीटरने मोजून घ्यावे. ड्राइव्हच्या प्लेटवर अनेकदा दोन आकडे असतात, नॉर्मल ड्यूटी आणि हेवी ड्यूटी. पंपाला नॉर्मल ड्यूटीचा आकडा चालतो, तो १३ अँपिअरच्या आसपास असावा. इनपुटला चोक (करंटचे झटके सौम्य करणारी कॉइल) मागावा. पंप रूममधल्या ओलीत ड्राइव्ह उघडा लावू नये. पंखा आणि फिल्टर असलेल्या पॅनेलमध्ये, जमिनीपासून किमान एक मीटर वर लावावा, कारण पावसाळ्यात तिथे पाणी साचते. पॅनेलला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (अर्थला करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो विनाकारण ट्रिप होत राहील. ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थला जातोच. ३०० मिलीअँपिअरचा लावावा आणि अर्थिंग नीट तपासून घ्यावे.

बसवताना तीन चुका हमखास होतात. जुन्या स्टार-डेल्टा स्टार्टरचे (मोटर दोन टप्प्यांत सुरू करणाऱ्या स्टार्टरचे) कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे स्विच, ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये राहू देतात. ते पूर्ण काढून मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्येच डेल्टाच्या पट्ट्या लावाव्यात. दुसरी चूक कपॅसिटरची. पॉवर फॅक्टरसाठी मोटरला समांतर लावलेला कपॅसिटर ड्राइव्हच्या आउटपुटवर राहिला, तर ड्राइव्ह जळतो. तिसरी, मेगर (इन्सुलेशन तपासणारे मीटर). मोटरचे इन्सुलेशन मोजताना ड्राइव्हच्या वायरी सोडवल्याच पाहिजेत, नाहीतर मेगरचे ५०० व्होल्ट थेट ड्राइव्हच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरतात.

टायमरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि कोटेशनमध्ये त्यावर एकच ओळ आहे. टायमरने पंपाला फक्त परवानगी द्यायची, हुकूम नाही. पंप चालायला तीन गोष्टी एकत्र हव्यात: वेळ झाली आहे, वरची टाकी भरलेली नाही, खालच्या टाकीत पाणी आहे. तिन्ही संपर्क एका ओळीत जोडून ड्राइव्हच्या २४ व्होल्टच्या रन टर्मिनलवर आणावेत. प्रत्येक संपर्क ‘ठीक असेल तर जोडलेला’ असा ठेवावा, म्हणजे उंदराने वायर कुरतडली तर पंप थांबेल, टाकी वाहणार नाही. टायमरने ड्राइव्हचा मुख्य सप्लायच तोडणे-जोडणे मात्र करू नये. त्याने आतले चार्जिंगचे भाग लवकर संपतात.

वरच्या टाकीतल्या फ्लोटचा (पाण्याची पातळी ओळखणाऱ्या तरंगत्या स्विचचा) दोर आखूड बांधला तर टाकी चार बोटे उतरताच पंप पुन्हा सुरू होतो. दोर लांब सोडावा किंवा दोन फ्लोट लावावेत: अर्ध्यावर सुरू, भरल्यावर बंद. फ्लोटची केबल शील्डेड असावी आणि मोटरच्या केबलपासून वेगळ्या पाइपातून यावी.

महापालिकेचे पाणी पहाटे साडेपाच ते साडेसात येते. पंपाच्या वेळा सकाळी ६ ते ७.३० आणि संध्याकाळी ५.३० ते ७ ठेवल्या तर दोन्ही मिळून तीन तास होतात. ४७ हर्ट्झवर लागणाऱ्या सव्वा तासाला ते भरपूर आहेत. बॅटरी असलेला डिजिटल टायमरच घ्यावा. चकतीचा साधा टायमर वीज गेली की थांबतो, मग दोन तास वीज गेलेल्या दिवसापासून पंप दोन तास उशिराच चालतो आणि कारण कोणाला कळत नाही. ड्राइव्हमध्येच घड्याळ असेल तर वीज गेल्यावर त्याची वेळ टिकते का, हे आधी विचारावे. वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याआधी ६० सेकंद थांबण्याची सेटिंग ठेवावी. आगीच्या पंपाला आणि त्याच्या राखीव पाण्याला यातले काहीही जोडू नये.

कोरडा चालण्यापासून संरक्षण ड्राइव्हमध्येच असते. ते करंटवर न लावता पॉवरवर लावावे, कारण भार गेला तरी मोटर चुंबकत्वासाठी बराच करंट घेतच राहते. चालू भारावरची पॉवर नोंदवून तिच्या ६० टक्क्यांखाली १० सेकंद राहिली तर ट्रिप, असे ठेवावे.

पंप नंबर दोन जुन्या स्टार्टरवरच राहू द्यावा. ड्राइव्ह बिघडला तरी पाणी बंद पडणार नाही. आठवड्यातून दहा मिनिटे हा पंप हाताने चालवावा, नाहीतर जाम होईल.

शेवटचा हप्ता देण्याआधी ठेकेदाराकडून समितीसमोर पाच गोष्टी करून घ्याव्यात: ४४, ४७ आणि ५० हर्ट्झवरचे अँपिअर लिहून घेणे, पंप थांबवून धडाका ऐकणे, वरचा फ्लोट हाताने उचलून पंप थांबतो का पाहणे, खालच्या फ्लोटची वायर सोडवून तेच पाहणे आणि मेन स्विच पाडून पुन्हा चालू करणे. बदललेल्या सगळ्या पॅरामीटरची यादी लॅमिनेट करून पॅनेलच्या दाराच्या आतून लावावी, एक प्रत कार्यालयात. या चाचणीसाठी रविवारी सकाळी ६ वाजता मी पंप रूममध्ये हजर राहीन.

आपला,
बी विंगमधील एक सभासद